घाई नसलेले गुरुजी

आत्माराम गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या ओट्यावर पालथे पडलेले होते.

माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. चिखलीहून जानेफळपर्यंत एसटी, तिथून फाट्यापर्यंत जीप आणि पुढे पायी, असं करत मी गावात पोचले तोवर शाळा भरली होती. ओट्यावर एक धिप्पाड माणूस पोटावर आडवा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा लेकरं तशीच पालथी. मला वाटलं, माणसाला चक्कर आली. मी धावत गेले. "काय झालं हो? पाणी आणू का?"

त्यांनी मान न वळवता एक हात वर केला.

"थांबा बाई. मुंगळा वळून राह्यला."

एका मुंगळ्यानं तुरीच्या डाळीचा तुकडा तोंडात धरला होता आणि फरशीच्या भेगेपाशी येऊन तो अडला होता. मीही नकळत वाकले. मुंगळा भेगेच्या कडेकडेनं गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी डाळ तिथंच टाकून चालता झाला.

"टाकला!" एक पोरगी ओरडली.

"काऊन टाकला असन?" गुरुजींनी विचारलं.

कोणी म्हणालं जड झाला, कोणी म्हणालं त्याचे दात दुखले. एक बारीकसं पोरगं म्हणालं, "त्याची माय हाका मारून राह्यली असन." हे उत्तर गुरुजींना फार आवडलं. त्यांनी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली, मग हळूहळू, एकेक गुडघा सोडवत उठले आणि सदऱ्याची धूळ झटकत मला म्हणाले, "या. तुम्ही नव्या बाई ना? मी पहिलीचा मास्तर."

आमची शाळा चौथीपर्यंतची. शिक्षकी नोकरीत थोडे दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक असतं की पहिली कोणालाच नको असते. पहिलीत रडणं असतं, नाकं असतात, चड्ड्या असतात. त्यातून पुरुष शिक्षक असेल तर तो चौथीवर हक्क सांगतो, नाहीतर तिसरीवर. गुरुजी आमच्यात सगळ्यात जुने, मिशा भरघोस, आवाज असा की बाजूच्या वावरात बैल थबकावा. त्यांनी पहिली मागून घेतली होती आणि ती कधी सोडली नाही. मुख्याध्यापक व्हायची संधी आली तेव्हा त्यांनी लेखी नकार दिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते लोकं कागदं पाह्यत बसवते. माह्या लेकरायची नाकं कोण पुसन?"

त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिंचोके असत. एका खिशात चिंचोक्यांच्या जोडीला नाकं पुसायचा मोठा रुमाल, दुसऱ्यात नखं काढायची मशीन. गावातल्या प्रत्येक घरात त्यांनी कोणाची ना कोणाची नखं काढलेली होती. वर्गात त्यांचा तो दणदणीत आवाज कुठं जाई कोण जाणे. लेकरांशी ते इतकं हळू बोलत की लेकरांना गप्प बसूनच ऐकावं लागे.

दिवाळीपर्यंत त्यांच्या वर्गात पेन्सिल नसे. तोवर नुसते हातांचे उद्योग. शेंगा फोडायच्या, माती मळायची, चिंचोके दोऱ्यात ओवायचे, गाठ मारायची, गाठ सोडायची. आईबाप कुरकुरत. एकदा एक बाप तावातावानं आला. "गुरुजी, दोन महिने झाले. याले अ तरी येते का?"

गुरुजींनी त्या पोराला जवळ घेतलं, त्याच्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या सोडल्या आणि म्हणाले, "लाव बरं."

पोरानं जीभ बाहेर काढून, एकेक करत, वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावल्या. एकही चुकवली नाही.

"जूनमध्ये याची माय लावून देत होती," गुरुजी म्हणाले. "अ कुठं पयून नाही जात भाऊ. ज्या बोटाले गुंडी आली त्याले अ येते."

बाप पोराच्या गुंड्यांकडे पाहत राहिला. मग त्यानं स्वतःच्या शर्टाची वरची उघडी गुंडी लावली आणि गेला.

'भरू द्या थोडं' हे गुरुजींचं पालुपद. चहा उकळायच्या आत कोणी भांडं उतरवायला लागलं की म्हणत, भरू द्या थोडं. कोणी घाईनं मत द्यायला लागलं की तेच. जानेफळच्या स्टँडवरचे जीपवाले हेच वाक्य सीटा मिळेपर्यंत म्हणतात, त्यामुळे आमचे मुख्याध्यापक त्यांना चिडवत, "गुरुजी, तुम्ही आदल्या जन्मी जीपवाले होते." गुरुजी हसत. पण हे वाक्य ते मनापासून म्हणत ते शाळेत नाव घालायला आणलेल्या लेकरांबद्दल. सहा वर्षं पुरी झाल्याशिवाय पहिलीत लेकरू घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा होता. तेव्हा सरकारचा नियम सैल होता, पाच पुरी झाली की बसवत. गुरुजींच्या वर्गात सरकार चालत नसे.

त्यांची परीक्षाही त्यांचीच. नाव विचारायचं नाही, आकडे विचारायचे नाहीत. आईला म्हणत, "ताई, शायेच्या मागं जरा चक्कर मारून या." लेकराच्या ओंजळीत चिंचोके द्यायचे आणि आपण दुसऱ्याच कोणाशी बोलत बसायचं. मी विचारलं, "रडलं तर नापास?"

"रडू द्या की. रडणं त पायजेच. रडून झाल्यावर काय करते ते पाहतो मी."

एका जूनमध्ये गावचे सरपंच नातवाला घेऊन आले. सोबत जन्माचा दाखला, त्यावर सहा वर्षं पूर्ण. गुरुजींनी दाखला बाजूला ठेवला आणि पोराला आ करायला लावला.

"सरपंच, कागद सहाचा हाय. दात चारचे हायत."

"दाताचं काय घेऊन बसले गुरुजी! आमच्याकडं दात उशिरा पडते."

"याच्या बारशाचे पेढे खाल्ले मी. त्या साली तुमच्या विहिरीचं काम चालू होतं. विहीर किती सालाची झाली?"

ओट्यावर बसलेली माणसं तोंड फिरवून हसली. सरपंचांनी दाखला खिशात घातला आणि महिन्याभरात नातवाला रस्त्यावरच्या नव्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळी पिवळी व्हॅन गावात येई. टाय बांधलेली, तेल चोपडलेली लेकरं तिच्यात एकमेकांच्या अंगावर रेलून झोपलेली असत. गुरुजी शाळेकडे येताना व्हॅन दिसली की बाजूला थांबत आणि ड्रायव्हरला हात करत, "हळू चालव बाप्पा. झोपेल हायत." त्या शाळेबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. सरपंचांचा नातू पुढे चांगला शिकला, हेही सांगायला हवं. गुरुजी स्वतःच सगळ्यांना सांगत. "पाह्य, त्याले जमलं. कोणाकोणाले जमते."

मग तुमचा हट्ट कशाला, असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं. डबे उघडलेले होते. गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला.

"मले चौथ्या सालीच शायेत टाकलं होतं, बाई. बाप सालदार, सालभर दुसऱ्याच्या वावरात राबे, माय कामाले जाये. घरी ठेवन कोण? बापानं मास्तराले सांगतलं, पोरगं सहाचं हाय. मास्तरानं लिहून घेतलं, एक जून."

आमच्या भागात कागदोपत्री अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं असतं, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

"पहिलीतलं मले एकच आठवते," गुरुजी म्हणाले. "ओली चड्डी. मास्तराले विचारायची भीती वाटे. बसल्या जागी होऊन जाये. मंग मास्तर उन्हात उभं करे, चड्डी वायू द्या म्हणे. समोरच्या वर्गातले पोट्टे पाह्यत. काय शिकलो, कोण बाजूले बसे, काही आठवत नाही. दोन साल आधी गेलो, अन् पहिलीतच दोन साल जास्त बसलो." ते हसले. "फिटला हिशेब."

"राग येत असेल तुम्हाला त्या मास्तरांचा."

"त्याचा कायले? वर्ग भरेल होता त्याचा, एकटा होता बिचारा. अन् बापाचाबी नाही. पण मी ठरवलं, आपल्या वर्गात कोणी इतकं लहान नसन, का त्याले विचारायची भीती वाटन."

तुकडा त्यांनी खाल्ला आणि विषय संपला. हे सगळं ऐकल्यामुळेच असेल, रेणुकाच्या वेळी मी त्यांच्याशी फार वाद घातला नाही.

रेणुका गजाननची मुलगी. गजाननची शेती थोडी. विहिरीवर मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि त्याची बायको सुनंदा जानेफळच्या बाजारात ती विकायची. सुनंदा बाजारच्या टोपलीसकट शाळेत आली, मागं पदर धरून रेणुका. पाच वर्षं आणि वर काही महिने. पोरगी अशी चुणचुणीत की काय सांगावं. आई शाळेमागे गेली, तर हिनं चिंचोक्यांच्या जुड्या लावल्या आणि गुरुजींनाच विचारलं, "मेथी घेता का? ताजी हाय."

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "गुरुजी, ही तर आजच बसेल."

"बसन ना. बसते म्हणून बसवू नाही. जे लेकरू बसते त्यालेच सगळे जास्त बसवते." त्यांनी सुनंदाकडे वळून सांगितलं, "एक पावसाया जाऊ द्या ताई. भरू द्या थोडं. पुढच्या सालले आणा."

संध्याकाळी गजानन स्वतः आला. तो भांडणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "गुरुजी, घेतली असती त बरं झालं असतं. पोरीची जात, जितकं लवकर होईन तितकं बरं." पण गुरुजींच्या शब्दापुढे गावात कोणी जात नसे. रेणुका वर्षभर मेथीच्या वाफ्यात खेळली. पुढच्या जूनला आली आणि सगळ्यांच्या पुढे गेली. माझ्या तिसरीत होती तेव्हा ती फळ्यावर माझ्या आधी उत्तर लिहून मोकळी होई.

मधे माझी बदली बीबी गावाच्या बाजूला झाली. काही वर्षं तिकडं काढली आणि परत याच शाळेत आले. गुरुजी तिथंच होते, पहिलीवर. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, ओट्यावरून उठताना आता एखाद्या लेकराच्या खांद्याचा आधार घेत. रेणुका जानेफळला बारावीत होती.

थंडीचे दिवस होते. शाळा सुटायच्या सुमारास गजानन ओट्यावर येऊन टेकला. हातात पत्रिका नव्हती, तोंडीच बोलावणं होतं.

"गुरुजी, रेणुकीचं जमलं. बीबीचं स्थळ हाय. माघात उरकून टाकतो."

गुरुजी एका पोराची नखं काढत होते. "माघात? तिचे बारावीचे पेपर त्याच्याच मांगं हायत ना?"

"हायत. पण माघात तिले अठरा भरते. मी पाहुण्याले बोललो होतो, अठरा भरले का मांडव. ते थांबून नाही राह्यले."

"महिना-दीड महिन्याचा सवाल हाय गजानन. होऊ दे पेपर."

गजानननं चप्पल पायातून काढली, परत घातली. मग तो बोलला, ते रागानं नव्हे. शेजारच्या माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं बोलला.

"गुरुजी, तुम्ही त्या साली तिले थांबवलं नसतं, त तिची बारावी होऊन गेली असती. कॉलेजात असती आता. मी म्हटलंबी होतं तवा. लोकं पोरीचं वय मोजते, यत्ता नाही मोजत."

गुरुजींनी हातातलं बोट सोडलं. पोरगं अर्ध्या नखांनिशी पळालं. गजानन गेला तरी गुरुजी तसेच बसून होते. मी वह्या तपासायचं निमित्त करून थांबले. नखांची मशीन खिशात ठेवत ते म्हणाले, "बाई, मी लेकराचं वय पाह्यलं. पोरीचं नाही पाह्यलं."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत, पुढं असं होईल?"

"याच गावात जन्म गेला माहा. मले माहीत नसन त कोणाले असन?"

इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. त्यांची सबंध हयात ज्या एका गोष्टीवर उभी होती, तिच्यामुळेच एका लेकराचं नुकसान झालं होतं, आणि तेही सगळ्यात हुशार लेकराचं.

दुसऱ्या दिवशी ते गजाननच्या घरी गेले, मलाही सोबत नेलं. त्यांनी आधी रेणुकालाच विचारलं. ती पुस्तक मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती, एक डोळा भाकरीवर.

"तुले काय पायजे बाई?"

"मले लग्न नको असं नाही, गुरुजी," रेणुका म्हणाली. "पोरगा बरा हाय. पण मले पेपर द्यायचे हायत. ते म्हणते लग्न झाल्यावर देजो. लग्न झाल्यावर कोण देऊ देते?"

सुनंदानं भाकरी तव्यावरून स्वतः उतरवली आणि पोरीला हातानं सांगितलं, तू वाच. गजानन म्हणाला, "माहा शब्द देऊन झाला गुरुजी. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तू नको जाऊ," गुरुजी म्हणाले. "मी जातो. साल माह्यामुयं गेलं."

रविवारी आम्ही दोघं बीबीला गेलो. मला नेण्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं: "तुम्ही तिकडं होत्या, घर दाखवान. अन् माय-मावल्यायसोबत बोलाले बाईमाणूस पायजे." रस्ताभर एसटीत इतक्या मोठ्या देहाचा माणूस खिडकीशी आकसून बसला होता.

घर चांगलं होतं, मोठ्या खटल्याचं, माणसांनी भरलेलं. अंगणात सोयाबीन पसरलेलं. नवरदेवाची आई सूप घेऊन पाखडत होती. आम्ही मुलीकडचे म्हटल्यावर तिनं चहा टाकायला सांगितला, पण सूप खाली ठेवलं नाही. नवरदेव दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मला वाटलं होतं गुरुजी शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगतील. त्यांनी तसलं काही काढलंच नाही.

"ताई, मी पहिलीचा मास्तर. तुमच्या होणाऱ्या सुनेचं एक साल मी वाया घालवलं. मले वाटलं होतं, लहान हाय, खेळू द्या. ते साल मले तिले वापस देता येत नाही. पण तिचे पेपर होतपर्यंत तुम्ही थांबसान, त थोडंसं वापस होते."

"आमच्या घरी शिकून काय करन ती?" बाई म्हणाल्या. "सोयाबीन पाखडायले बारावी लागते का?"

"नाही लागत. काय करन ते तिले माहीत. मी तिच्यासाठी आलोच नाही खरं म्हटलं त. मी माह्यासाठी आलो."

बाईंचं सूप थांबलं. त्यांनी पहिल्यांदा गुरुजींकडे नीट पाहिलं. "इतका म्हातारा मास्तर एका सालापायी एसटीनं आला?"

गुरुजींनी मान हलवली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातला पोरगा म्हणाला, "आई, मले चालते. माघ काय अन् वैशाख काय."

"तुले कोण इचारलं?" आई त्याच्यावर खेकसली. पण मग तिनं सुपातलं सोयाबीन पोत्यावर ओतलं, पदरानं हात पुसले आणि स्वतःशीच हिशेब केल्यासारखी म्हणाली, "वैशाखात गहूबी घरात येते. मजूरबी मोकये रायते. माघात हरभऱ्याची घाईच हाय." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "घ्या चहा. थंडा होईन."

परतीच्या एसटीत गुरुजींनी खिडकी उघडली आणि वारा तोंडावर घेत बसले. जानेफळ येईपर्यंत त्यांना झोप लागली होती, घोरण्यानं पुढची दोन माणसं वळून पाहत होती.

रेणुका बारावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. वैशाखात लग्न झालं, गुरुजींनी अक्षता टाकल्या आणि पंगतीत पोटभर जेवले. पुढे तिनं कॉलेजात नाव घातलं, मधे मूल झालं, शिक्षण थांबलं, परत नाव घातलं. पदवी अजून व्हायचीच आहे. तिची सासू विचारते, पेपर कधी हायत, पाखडणीच्या दिवसात येऊ देऊ नको म्हणा. एवढंच झालं. गोष्टीत होतं तसं काही मोठं झालं नाही.

गुरुजींचा कायदा मात्र बदलला. त्या जूनपासून ते मुलींची नावं नियमात बसतील तेव्हा लगेच लिहून घेऊ लागले. पोरगी लहान असली तरी नाव लागे, आणि मग वर्गात तिला हवं तेवढं खेळू देत. पेन्सिल तिला उशिरा मिळे, पण यत्ता मिळे. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, पोरांना सहा आणि पोरींना पाच? एकाच वर्गात दोन नियम कसे चालतील?"

"गावाचेच दोन हायत सर," गुरुजी म्हणाले. "मी एकटा एक कसा ठेवू?"

पण त्यांना त्याचा आनंद होत नसे. लहान पोरगी आईमागे रडायला लागली की ते तिला कडेवर घेऊन वर्गभर फिरत आणि दुसऱ्या हातानं फळ्यावर लिहीत. एकदा मला म्हणाले, "मले अजूनबी वाटते, हिनं घरी असाले पायजे. पण घराले कुठं वाटते?"

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. हार, शाल, नारळ, भाषणं. सगळ्यांनी वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली म्हटलं, आणि गुरुजी शालीत घामाघूम होऊन खुर्चीत हसत बसले होते. उत्तराचं भाषण त्यांनी एका वाक्यात संपवलं: "मले अजून अठ्ठावन्न झाले नाहीत." लोकांना विनोद वाटला. मला ओल्या चड्डीची आणि कागदावर वाढवलेल्या दोन वर्षांची गोष्ट ठाऊक होती, म्हणून मी हसले नाही.

शाळा उघडली त्या दिवशी गुरुजी हजर. तोच सदरा, खिशात चिंचोके. नवे शिक्षक पहिलीवर आलेले, बिचारे गोंधळले. गुरुजी त्यांना म्हणाले, "वर्ग तुमचा. मी ओट्यावर बसतो. बापानं माहे दोन साल आधीच वापरून टाकले, तेवढे करतो अन् जातो."

आणि त्यांनी ते केले. पगार नाही, सही नाही. ज्या लेकरांना घरी ठेवायला कोणी नव्हतं, आणि शाळेत बसायला ज्यांचं वय नव्हतं, ती सगळी त्यांच्या ओट्यावर जमू लागली. सुनंदासारख्या बाजारला जाणाऱ्या बाया सकाळी लेकरू सोडून जात. गुरुजी त्यांना काही शिकवत नसत. गोष्टी सांगत, भूक लागली का विचारत, आणि दर थोड्या वेळानं एकेकाला मुतारीकडे घेऊन जात. कोणी विचारायची वाट ते पाहत नसत. दोन वर्षं पुरी झाली त्या मे महिन्यात त्यांनी उरलेले चिंचोके नव्या शिक्षकांच्या टेबलावर ठेवले, रिकामे खिसे झटकले आणि म्हणाले, "झालो मी आता अठ्ठावन्नचा." त्यानंतर ते शाळेकडे फिरकले नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतर. फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले होते. दार सताड उघडं, आतून पेटीचा आवाज. मला वाटलं भजनी मंडळ बसलं आहे. पाहते तर पेटीपुढे गुरुजी, आणि समोर काकू, त्यांच्या पत्नी. काकू माहेरी लहानपणी पेटी शिकल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. गुरुजींची जाडजूड बोटं पट्ट्यांवर अडखळत होती. सा, रे, ग इथपर्यंत यायची आणि म वर घसरायची.

"चुकलं," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"पुढचं घे ना थोडं."

"नाही. हेच नीट होऊ द्या आधी."

गुरुजींनी मुकाट्यानं परत सुरुवात केली. मी दारातच थांबले, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मिशीखालून जिभेचं टोक बाहेर आलं होतं, कपाळाला आठ्या, डोळे बोटांवर खिळलेले. सा लागला, रे लागला, ग लागला. म वर बोट क्षणभर हवेत थांबलं आणि मग बरोबर पट्टीवर उतरलं. सूर नीट, स्वच्छ वाजला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, भात्यातली हवा संपेपर्यंत.

मग कोणी ऐकलं की नाही, हे पाहायला त्यांनी मान वर केली.

"ऐकलं गुरुजी," मी म्हटलं.